हडंब्याच्या तोंडाचा लाईट

वायर दातानं सोलायची, सोललेलं प्लास्टिक फू करून बाजूला थुकायचं, अन् म्हणायचं, "झालं. आता दिवस उगवून देतो." मिस्त्रीचं कोणतंबी काम असंच सुरू व्हायचं. ट्रॅक्टर असो, रोटाव्हेटर असो न्हाईतर ट्रॅक्टरमागं जोडायचा मळणीचा हडंबा असो, रातच्या कामाला फोकस लावायचा म्हणलं की आमच्या भागात मिस्त्रीलाच बोलवायचे. त्याच्या समोरच्या दोन दातात फट पडल्ती, तिच्यात बारीक वायर बराबर बसायची. खिशात पक्कड असायची, नवी कोरी. मी एकदा विचारलं, "मामा, मंग पक्कड कशाला घेतली?" तर म्हणला, "सूनबाई, पक्कड हरपती. दात कुठं जातंय?" दुसऱ्या वर्षी त्यातला एक दात पडला. तरी पक्कड न्हाई काढली, बाजूच्या दातानं सोलायला लागला.

असा माणूस तुम्हीबी बघितला असंल. तुमच्या गावात त्याचं दुसरं काही नाव असंल, काम दुसरं असंल, पण त्याला सगळं येतं अन् त्याला कुणी काही सांगायचं न्हाई. आमच्या मिस्त्रीची मंठा रोडला पत्र्याची टपरी व्हती. वर पाटी, सर्व प्रकारचे लाईट बसवून मिळतील. अन् टपरीत आतमधी एक बल्ब न्हाई. सांज झाली की सामान चाचपून काढायचा, खिळा पायजे तर हातात नट यायचा. गिऱ्हाईक म्हणायचे, मिस्त्री, दुकानात तर लाईट लावा. तो म्हणायचा, "दुकान काय रातचं नांगरायचंय का?"

मी आठवीतून शाळा सोडली, तव्हा लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, म्हणती की ही बोलायला लागली की मधी दम घेत न्हाई. खरं हाय ते. मला भेव वाटलं की माझं तोंड जास्ती चालतं. अन् मला भेव रोजच वाटतं, म्हणून तोंडबी रोजच चालतं.

भेव कशाचं ते एकदाच सांगते. माझं माहेर हसनाबादचं. मी आठवीत व्हते तव्हा माझ्या चुलत्याचा उजवा हात हडंब्यात गेला. दिवस मावळला व्हता, थोडंच सोयाबीन राह्यलं व्हतं, म्हणले एवढं उरकून टाकू. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूलाच उभी. बाकीचं न्हाई सांगत. चुलती दवाखान्यात राह्यली, तिचे लेकरं सांभाळायला घरात कुणीतरी पायजे व्हतं, मी सांभाळले, अन् शाळा तशीच सुटली. मंग चार वर्षांनी मला पाव्हणे आले. सगळे खुशीत सांगत व्हते, पोरगं चांगलं हाय, सोताचा ट्रॅक्टर हाय, सोताचा हडंबा हाय. हडंबा म्हणल्यावर मी गोठ्यात जाऊन रडले. आई म्हणली, पोरगी लाजली.

आमचे हे सोता हडंब्याच्या तोंडाशी उभे राहतेत. तोंड म्हणजे जिथून सोयाबीनचं काड आत ढकलतेत ती जागा. आत दातेरी ढोल फिरतो, ते काड गपकन ओढून घेतो. मजुराला ढकलायचा अंदाज येत न्हाई, मशीन अडकून बसतं, म्हणून हेच ढकलतेत. अन् सोयाबीनच्या दिवसात एकदा का आभाळ आलं की सगळ्या गावाला हडंबा एकाच दिवशी पायजे. दिवस पुरत न्हाई. मंग अंधार पडला तरी चालूच. म्हणून लाईट पायजे, अन् म्हणून मिस्त्री आमच्या घरात आला.

पहिल्या खेपेला त्यानं सात फोकस लावले. ट्रॅक्टरच्या तोंडाला दोन, वर टपावर दोन, मागच्या मडगार्डाला दोन, बाहेरच्या अंगाला तोंड करून, अन् सगळ्यात वर मधोमध एक निळा.

मी म्हणले, "मामा, हा निळा कशाला?"

"शोभा."

सगळं सामान जालन्याहून, मस्तगडच्या दुकानातून आणलेलं, असं तो म्हणायचा. मस्तगडवरून स्पेशल. फोकस स्पेशल, स्विच स्पेशल, चिकटपट्टीसुद्धा स्पेशल. ती चिकटपट्टी आमच्या किराणा दुकानात मिळती, मी सोता बघितली, पण म्हणले जाऊ दे.

त्याची एक रीत व्हती. नवे लाईट पहिल्यांदा लावताना नारळ फोडायचा, एकेका फोकसला हळदीकुकू लावायचं, अन् बटण घरच्या सुनेनं दाबायचं. दिवसा न्हाई, दिवस मावळल्यावरच. त्याला चहा लागायचा, पोहे लागायचे, अन् बघायला माणसं लागायचे. माझी पोरगी आरू तव्हा सहा महिन्याची, माझ्या कडेवर. मी बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला, शेजारच्या बैलानं दावं तोडलं. कुत्रे भुकायला लागले. आत्याबाई घरात व्हत्या, रस्त्याच्या पल्याड, त्या म्हणल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. लोक म्हणले, वा मिस्त्री. आमचे हे तर असे उभे राह्यले जसं काही सूर्य ह्यांनीच इकत आणला.

मी एकटीच हडंब्याकडं बघून राह्यले व्हते. सगळीकडं दिवस उगवल्ता, अन् हडंब्याच्या तोंडात अंधार.

"मामा, हितं काही दिसंना."

"कुठं?"

"हितं. जिथं हात जातेत तिथं."

मिस्त्री हसला. म्हणला, "सूनबाई, हात काय उजेड बघून जातेत का? हाताला सवय असती." अन् ह्यांच्याकडं वळून, "गणेश, तुझी बायको इंजिनेर हाय का रे?"

सगळे हसले. कोण किती हसलं ते मी ध्यानात ठिवलं. सगळ्यात जास्ती येळ आमचे हेच हसत व्हते.

आता त्याच्या कामाबद्दल थोडं सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी उगीच माणसाच्या मागं लागले. फ्यूज तो लावायचा न्हाई. म्हणायचा फ्यूज भित्र्या माणसाला लागतो. बॅटरीवरून सरळ वायर ओढायची, मधी काही न्हाई, अन् जिथं जोड तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. एकदा आमच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटमधून धूर निघायला लागला. ह्यांनी फोन केला. मिस्त्री आला, वायरला हात लावून बघितला, चटका बसला तसा हात झटकला, अन् म्हणला, "वायर गरम हुयाली म्हणजे करंट चांगला चालू हाय." धूर निघाला तरी त्याचं कौतुकच करायचं.

अन् रस्त्यावरचं तर विचारूच नका. त्याचा लाईट लांबून दिसायला पायजे, ही त्याची पहिली अट. एकदा मंठ्याच्या रस्त्याला दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले. दोन्हीला मिस्त्रीचेच लाईट. इकडच्या डायव्हरनं डोळे झाकले, तिकडच्यानंबी झाकले. एक बाभळीत गेला, दुसरा नालीत. कुणाला काही लागलं न्हाई, देवाची कृपा. सकाळी मिस्त्री बघायला गेला. नालीत उतरला, ट्रॅक्टरभवती फिरला, वर आला अन् म्हणला, "बघा, एक फोकस फुटला न्हाई."

पण एकट्या मिस्त्रीलाच कशाला बोलायचं. गावातल्या माणसांना तेच पायजे व्हतं. कोणाचा ट्रॅक्टर किती लांबून दिसतो, ह्याच्यावर पारावर बोलणं चालायचं. एकानं सहा लावले की दुसरा आठ लावायचा. हडंब्याच्या तोंडाला लावलेला लाईट रस्त्यावरून कोणाला दिसत न्हाई, मंग तो कोण लावील? तिथं हात कोणाचा हाय ते घरच्या बाईलाच माहीत असतं, अन् तिला कुणी विचारत न्हाई.

मी मंग रोज सुरू केलं. जेवताना, पाणी देताना, झोपताना. तोंडाला लाईट लावा, तोंडाला लाईट लावा. आमच्या ह्यांना वाटलं ही अशी गप बसणार न्हाई, एकदा मिस्त्रीला बोलावून टाकू. तो आला. मागच्या मडगार्डावरचा एक फोकस फिरवला, हडंब्याकडं तोंड केलं, ट्यूबची पट्टी बांधली, अन् म्हणला, "घ्या सूनबाई, तुमचा लाईट."

हे तोंडाशी जाऊन उभे राह्यले. लाईट लागला ह्यांच्या पाठीमागून. ह्यांची पाठ अशी उजळली की बनियनची भोकं मोजून घ्या. अन् पुढं ह्यांचीच सावली बराबर हडंब्याच्या तोंडात पडली, काळीभोर, ह्यांचे दोन्ही हात तिच्यात गडप. आधी तरी अर्धवट दिसत व्हतं, आता तेबी गेलं.

"मामा, सावली पडून राह्यली."

"पडू दे की. सावली काय चावती का?"

परत सगळे हसले. अन् हे त्याला इतकं आवडलं की मंग ते त्याचं कायमचंच झालं. मी दळण घेऊन निघाले की टपरीतून आवाज, "सूनबाई, चावली का सावली?" आठवडी बाजारात, चार माणसांत, "ह्या सूनबाईला सावली चावती बरं का." आमचे हे घरी येऊन मला म्हणायचे, तुझ्यापायी मला लोक हसतेत. मी म्हणायचे, हसू द्या, हसणाऱ्याला दोन हात असतेत. ते ताट सरकवून द्यायचे. त्या हंगामात आम्ही दोघं नीट बोललोच न्हाई. मी रोज रातचं ते घरी आले की आधी हाताकडं बघायचे, मंग तोंडाकडं.

असं एक वर्ष गेलं अन् दुसरं सोयाबीन आलं.

त्या दिवशी आमच्याच रानात मळणी व्हती. परतूरच्या अंगाला आभाळ भरून आल्तं. सोयाबीनची सुडी, म्हणजे रचलेला ढीग, अर्धी राह्यली व्हती, हाताखाली लावलेला मजूर दुपारीच घरी गेल्ता, अन् आमचे हे सकाळपासून एकटेच तोंडाशी. जेवलेले न्हाई. मिस्त्री आला व्हता त्याचा निळा लाईट बघायला, तो म्हणं फडफडून राह्यला व्हता. दिवस मावळला तसे सगळे लाईट लागले. तीन बाया काड आणून देत व्हत्या, आरू झाडाखाली झोळीत, मी कधी झोळीकडं बघते, कधी ह्यांच्या हाताकडं.

ह्यांना चक्कर आल्यासारखं झालं, मशीनला हात टेकवला. मी म्हणले, आता बस, आधी भाकर खा. ते म्हणले, पाऊस येईल, कोण ढकलील मंग.

मी म्हणले, "मिस्त्रीमामा ढकलतील."

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला. मला पक्कं माहीत व्हतं की ह्या माणसानं जलमात हडंब्यात काड घातलेलं न्हाई. तो कायम बॅटरीच्या बाजूला. पण तीन बाया बघून राह्यल्या व्हत्या, न्हाई कसा म्हणील? म्हणला, "हॅ, त्यात काय." बाही वर सारली. मी ह्यांना सांगितलं, तुम्ही भाकर घेऊन ट्रॅक्टरवर बसा, पाय क्लचवर ठिवा, अन् नजर मामाच्या हातावर. रेस कमी करा. ह्यांना वाटलं मी मिस्त्रीची काळजी करून राह्यले. करतच व्हते. पण त्याला तिथं उभंबी मीच केलं व्हतं, हेबी खरं.

काडाची पहिली कव त्यानं लांबूनच फेकली. अर्धी आत, अर्धी त्याच्याच पायावर. बाया पदरात हसल्या. दुसरी जरा जवळून. तिसऱ्या खेपेला मशीनचा आवाज बसला, काड मधीच अटकलं, तसा तो वाकला, दोन्ही हातानं दाबायला. तो वाकला तशी त्याची सावलीबी वाकली. कोपरापर्यंत हात अंधारात गेले. आतून ढोलानं काड एकदम ओढलं, अन् काड त्याच्या मुठीत घट्ट धरलेलं, तर तो एक पाऊल पुढं गेला. एकच पाऊल. ह्यांनी क्लच दाबला, त्यानं मूठ सोडली, मागं झाला.

काही झालं न्हाई. हात बराबर व्हता. त्यानं उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, बोटं हलवून बघितली.

अन् मी म्हणले, "काय मामा, चावली का सावली?"

एक वर्ष ते माझ्या जिभेवर व्हतं. त्याचं तोंड पांढरं पडलेलं मला दिसत व्हतं, तरी म्हणले. त्यानं मला बाजारात किती येळा म्हणलं व्हतं, मला एकदा म्हणायचं व्हतं.

पण कोणी हसलं न्हाई. बायाबी न्हाई. अन् तो आपल्या हाताकडं बघत राह्यला, अन् मला चुलत्याची आठवण आली. मला वाटलं, हे बोलायला नको व्हतं. पण बोलले तर बोलले.

मिस्त्री सोताच ट्रॅक्टरवर चढला, चावी फिरवून मशीन बंद केलं. "गणेश, थांब जरा."

हे म्हणले, "काका, आभाळ बघा की. आता थांबलो तर भिजंल सगळं."

"भिजू दे."

त्यानं टपावरचे दोन फोकस काढले. तेच, जे लांबून दिसायचे. आमच्या ह्यांचा जीव त्याच्यात. हे म्हणले, काका, ते नका काढू, मोरच्या अंगाला ट्रॅक्टर आंधळं दिसंल. मिस्त्रीनं ऐकलंच न्हाई. रानात पडलेल्या जुन्या पाळीच्या, म्हणजे वखराच्या, लोखंडी पट्ट्या काढल्या, हडंब्याच्या तोंडाच्या डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला एक, अशा उभ्या बांधल्या, अन् त्याच्यावर फोकस. मी मोबाईलची बॅटरी धरली. आरू झोळीतून उठून रडायला लागली, ह्यांनी तिला कडेवर घेतलं अन् भाकर खात खात, तोंड पाडून, आमच्याकडं बघत बसले.

मिस्त्रीनं बंद मशीनच्या तोंडात सोताचा हात घातला अन् म्हणला, "सूनबाई, लाव." मी बटण दाबलं. हाताची सावली उजवीकडं पडली. "बंद." त्यानं डावा फोकस दोन बोटं वर घेतला. "लाव." आता बारीक सावली डावीकडं. "बंद." असं किती येळा केलं ते मला सांगता यायचं न्हाई. आभाळ गडगडून राह्यलं, बाया घरी जायचं म्हणून राह्यल्या, अन् हा माणूस आपला हात उलटा करतो, सुलटा करतो, लाव म्हणतो, बंद म्हणतो.

मधीच खाली बघून म्हणला, "तीस वरीस झाले लाईट लावून राह्यलो. कव्हा हितं उभाच न्हाई राह्यलो मी. मला वाटायचं लाईट म्हणजे लांबून दिसला पायजे."

मी बटण दाबलं.

शेवटी हात आत घातला तर सावली कुठंच न्हाई. बोटाचं नख दिसलं, नखातलं काळं दिसलं. मंग त्यानं खिशातून फ्यूज काढला. खिशात फ्यूज व्हता त्याच्या. इतके वर्षं खिशात घेऊन फिरायचा अन् म्हणायचा भित्र्याला लागतो. तो बसवला, अन् ह्यांना म्हणला, जा, उभा राह्य.

चार थेंब पडले पण पाऊस पुढं गेला. उरलेली सुडी आम्ही त्या उजेडात उरकली. मी ह्यांचे दोन्ही हात पहिल्यापासून शेवटापर्यंत बघितले. घरी येताना हे म्हणले, मोर खरंच आंधळं दिसतंय ट्रॅक्टर. मी म्हणले, दिसू द्या. मंग थोड्या येळानं तेच म्हणले, "हितं बराबर दिसतं मात्र."

आता तुम्हाला वाटंल मिस्त्री बदलला, मला येऊन म्हणला असंल, सूनबाई, तुझंच बराबर व्हतं. त्याचं नाव न्हाई. चार दिवसांनी मी दळण घेऊन निघाले, त्यानं मला टपरीवर बोलावलं, अन् मलाच सांगायला लागला. "सूनबाई, तुला एक सांगतो. मशीनच्या तोंडाला दोन्हीकडून लाईट पायजे. एकाच अंगानं दिला तर सावली पडती. सावली लई वाईट. हे मस्तगडला मोठे मिस्त्री हायेत, त्यांच्याकडून शिकून आलो."

मी म्हणले, "हो का मामा."

"तुम्हा बायांच्या ध्यानात येत न्हाई हे."

"न्हाई येत, मामा."

जालन्यापासून मंठ्यापर्यंत सगळ्यांना हेच सांगितलं त्यानं. माझं नाव कुठंच न्हाई. पण एक व्हतं, त्या दिवसानंतर कोणी हडंबा घेऊन टपरीवर आलं की तो आधी तोंडाचे दोन लाईट लावायचा, मंग बाकीचं. गिऱ्हाईक म्हणायचे, आधी मोरचे लावा. तो म्हणायचा, मंग दुसरीकडं जा. अन् गिऱ्हाईक जायचे की. मंठ्यात एक पोरगा रंग बदलणारे लाईट लावून द्यायला लागला, लाल, हिरवे, नाचणारे. नुसते ट्रॅक्टरवाले तिकडं गेले, मोर चमकवायला. मिस्त्रीकडं राह्यले हडंबेवाले, तेबी सगळे न्हाई. टपरीत तो बसून राह्यलेला दिसायचा, अंधारात, आपला.

ह्या वर्षी गव्हाच्या मळणीच्या दिवसात तो गेला. टपरीतच बसल्या बसल्या गेला. चहा घेऊन आलेल्या माणसाला वाटलं डुलकी लागली.

त्याला एकच पोरगी, पुण्याला दिलेली. ती येईपर्यंत थांबायचं ठरलं. तिची गाडी येता येता दिवस मावळला. आमचं स्मशान वढ्याच्या काठाला हाय, आमच्या रानाला लागून. तिथं खांब हाय, खांबावर बल्ब न्हाई. मंग माणसं ट्रॅक्टर घेऊन आले. आठ का नऊ ट्रॅक्टर, सगळ्यांना त्याचेच जुने लाईट, अन् गोल करून उभे केले, मधी सरण. सगळ्यांनी एकदमच लाईट लावले.

बाया खाली जात न्हाईत. मी अन् आत्याबाई बांधावर उभ्या. तिथून बघते तर काय, कोणालाच काही दिसंना. ह्याचा लाईट त्याच्या डोळ्यात, त्याचा ह्याच्या. माणसं डोळ्यावर हाताची आड करून चालून राह्यले, एक जण लाकडाला अडखळून पडला, दुसरा म्हणतो इकडं, तिसरा म्हणतो तिकडं. सगळ्यांच्या डोळ्यातून पाणी. कोण रडून राह्यलं अन् कोणाला नुसता उजेड झोंबून राह्यला, काही कळायला मार्ग न्हाई. मला हसू आलं. आत्याबाईनं माझा हात दाबला, तशी मी पदर तोंडात धरला.

मंग त्याची पोरगी सरणापाशी आली, पोरगा न्हाई म्हणून तीच, बापाला शेवटचं पाणी पाजायला तांब्या घेऊन. तिला बाप कुठल्या अंगाला हाय तेच दिसंना. ती दोन्ही हात मोर करून चाचपून राह्यली.

मी ह्यांना फोन लावला. हे खालीच व्हते. मी म्हणले, "हडंबा घेऊन या."

"येडी झाली का? मयताला हडंबा आणतेत व्हय?"

"आणा. अन् बाकीच्यांना लाईट बंद करायला सांगा."

ह्यांनी फोन ठिवला. आमचा हडंबा बांधापल्याडच जोडून उभा व्हता, दुपारीच गहू काढल्ता, भुसकटबी झाडलेलं न्हाई. तसाच भुसा उधळीत तो वढ्याकाठी उतरला. दोन-चार म्हातारे ओरडले, हे काय आणलंस रे. मंग एकेक करून बाकीचे लाईट बंद झाले. अंधार झाला. ह्यांनी हडंबा सरणाजवळ मागं मागं नेला, अन् तोंडाचे दोन लाईट लावले, डावा अन् उजवा.

माणसांनी हात खाली घेतले. लाकडं नीट रचले. कोणी कोणाला आवाज दिला न्हाई.

पोरगी मोर आली. तिनं तांब्यात बोटं बुडवली. तिचा हात बापाच्या तोंडापर्यंत गेला, बोटावरून पाणी पडलं, ते मला बांधावरून दिसलं, अन् मधी कुठं सावली पडली न्हाई.